लग्नाच्या लॉनवर वारली देवचौक काढून द्यावा का?

गेरूपांढरी

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मी पुण्यात कोथरूडला राहते. एटीडी (चित्रकला शिक्षकांचा डिप्लोमा) केलंय, बरीच वर्षं एका शाळेत चित्रकला शिकवली, आता घरीच शनिवार-रविवार वर्ग घेते. सगळ्यात चालणारा वर्ग कुठला म्हणाल तर वारली. मुलांना येतं, आयांना येतं, निवृत्त काकांनाही येतं. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले, वर गोळा काढला, हातपाय ओढले की माणूस उभा राहतो आणि काढणाऱ्याचा चेहरा फुलतो. तो फुललेला चेहरा बघण्यासाठीच मी शिकवते म्हणा ना. शिवाय दिवाळीच्या आधी प्रदर्शनात एमडीएफचे ट्रे, चाव्या अडकवायच्या पट्ट्या, डायऱ्या असं विकते. गेरू रंगाचा बेस, त्यावर पांढरं ॲक्रिलिक, शून्य नंबरचा ब्रश. घरखर्चाला हातभार लागतो, खोटं कशाला बोलू.

आता मुद्दा. एका मंडप-डेकोरेशनवाल्याने मला काम आणलंय. डिसेंबरात लग्न आहे, लॉनवर. स्टेजच्या मागे बारा बाय आठ फुटांचा प्लायवूडचा पॅनेल उभा करायचा आणि त्यावर 'तो चौकोन असतो ना वारलीत, लग्नाचा, तो' काढायचा. म्हणजे देवचौक. वधूने मोबाइलवर कुठेतरी फोटो पाहिला आणि तिला तोच हवाय. इथवर मी हो म्हणून मोकळी झाले असते. पण पुढे तो म्हणाला, "मॅडम, मधे ती बाई आहे ना, ती काढू नका. तिथे कपलचे इनिशियल्स टाका, सोनेरी रंगात."

ती बाई म्हणजे वारल्यांची पालघट देवी, एवढं मला माहीत आहे. मी गप्प बसले. म्हटलं दोन दिवसांत सांगते.

घरी भाची आलेली, ती मुंबईला समाजशास्त्र शिकते. तिला सांगितलं तर तिने मलाच धारेवर धरलं. इनिशियल्स राहिले बाजूला, तुझा वर्गच मुळात चुकीचा, म्हणाली. दुसऱ्याची परंपरा उचलायची, त्यावर आपण पैसे कमवायचे, आणि ज्यांची आहे ते तिकडे वीटभट्टीवर. माझ्या ट्रेवर मागे स्टिकर असतो, 'अस्सल वारली कला', तो तिने मला वाचून दाखवला. मोठ्यांदा.

मला राग आला, हे कबूल. मी कुणाचं काही हिसकावलेलं नाही. पण तिच्या बोलण्यातलं काहीतरी दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. म्हणून इथे विचारते. ट्रे, वर्ग, चौक, इनिशियल्स, यातलं काय चालतं आणि काय नाही? वारली समाजातलं कुणी इथे असेल तर त्यांनी कृपया लिहावं. बाकीच्यांनीही लिहा, पण जरा बेताने.

---

आडवातिडवा

कलेला जात नसते हो मॅडम. उद्या म्हणाल पोहे फक्त कोकणस्थांनी करायचे. काढा बिनधास्त, पैसे आगाऊ घ्या, मंडपवाले नंतर देत नाहीत.

(आगाऊ पैशांचं गंभीरपणे सांगतोय.)

---

नोटरीकाका

भावनेचं इतर लोक सांगतील, मी कायद्यापुरतं सांगतो.

वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आदिवासी युवा सेवा संघाने त्यासाठी अर्ज केला होता. मानांकनाचा अर्थ लोक भलताच लावतात. त्रिकोणाची माणसं काढायची नाहीत असं त्यात कुठेही नाही. शैली कुणाच्या मालकीची होत नाही. मानांकन राखतं ते नाव. त्या भागातल्या, त्या पद्धतीने झालेल्या मालालाच ते नाव लावून विकायचं, आणि विकणाऱ्यांनी चेन्नईच्या रजिस्ट्रीत 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंद करायची, अशी ती व्यवस्था. म्हणजे तुमचा ट्रे अडचणीत नाही, तुमचा स्टिकर आहे. कोथरूडात रंगवलेल्या ट्रेवर 'अस्सल वारली कला' लिहिलं की घेणाऱ्याला तो वारल्यांच्या डहाणूकडून आलाय असं वाटणार. तो स्टिकर आजच काढा. 'वारली पद्धतीचं चित्र, पुण्यात रंगवलेलं' असं लिहिलंत तर कुणाची फसवणूक नाही.

दुसरी गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही. परंपरेवर कॉपीराइट नाही, पण एका चित्रकाराने काढलेल्या एका विशिष्ट चित्रावर आहे. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे २०१८ मध्ये गेले. आपल्या कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे त्यांची चित्रं २०७८ च्या अखेरपर्यंत सुरक्षित. मोबाइलवरून त्यांचं मासेमारीचं जाळं जसंच्या तसं ट्रेवर उतरवणारे शेकड्याने आहेत आणि सगळ्यांना वाटतं 'लोककला आहे, कुणाची नाही'. मशे यांना पद्मश्री दिली ती लोककलेला दिली होती का? माणसाला दिली, २०११ मध्ये.

देवीचं काय करायचं ते कायद्यात नाही.

---

चारोटीचा

गेरूपांढरी ताई, मी वारली. डहाणू तालुका, चारोटी नाक्यापासून आत आमचा पाडा. नोकरी बोईसरला एका कंपनीच्या लॅबमध्ये. मी चित्र काढत नाही, आधीच सांगतो, कारण वारली म्हटलं की लोक लगेच वही पुढे करतात. चित्रं माझी बहीण काढते.

तुमच्या ट्रेबद्दल मला काही म्हणायचं नाही. तारपा, म्हणजे आमचं फुंकून वाजवायचं वाद्य, काढा, भातलावणी काढा, ताडावर चढलेला माणूस काढा, कोंबड्या काढा. आमच्याकडे येणारे शहरातले लोक ही चित्रं बघून निदान विचारतात की हे काय, ते काय. माझ्या लहानपणी 'वारली' हा शब्द तालुक्याच्या ठिकाणी शिवीसारखा वापरायचे. आता त्याच गावांत हॉटेलांच्या भिंतींवर आमची चित्रं आहेत. त्यातली बरीचशी आमच्या कुणी काढलेली नाहीत, पण शिवी कमी झाली हे खरं.

देवचौकाचं सांगतो, कारण तिथे गोष्ट वेगळी आहे.

माझ्या मोठ्या भावाचं लग्न झालं तेव्हाचं. आतल्या खोलीची भिंत आदल्या दिवशी शेणाने सारवली, वरून गेरू. तांदूळ दळून त्याचं पांढरं केलं. चौक काढायला बसल्या त्या सवासिनी, माझी आई, एक मावशी आणि पाड्यातल्या आणखी दोघी. बांबूची काडी टोकाला चावून मऊ करायची आणि तिनेच काढायचं. आधी चौकट, एकीत एक, मग तिच्या कडांना नक्षी, मग बाजूला सूर्य, चंद्र, फणी, शिडी आणि सगळ्यात आत पालघट. शेजारी धवलेरी गात होती. धवलेरी म्हणजे आमच्या लग्नातली बाई, जी गाण्यातून लग्न लावते. आमच्याकडे जुन्या रीतीच्या लग्नात भटजी नसतो, ती असते. तिचं गाणं अडलं तर काम अडतं. मधे मावशीची काडी मोडली, नवी चावून होईपर्यंत सगळ्या थांबल्या आणि चहा झाला. मग पुन्हा गाणं मागे घेऊन जोडलं.

माझी बहीण तेव्हा बिनलग्नाची. मुंबईतल्या लोकांसाठी तीन बाय चार फुटांचे कॅनव्हास ती करत होती, हात आमच्या घरात सगळ्यात साफ तिचा. पण चौकाला तिने हात लावला नाही. लावायचाच नसतो, कुमारिका होती ना. ती पांढरं कालवून देत होती आणि आईची रेघ वाकडी गेली की तोंड दाबून हसत होती. चौक वाकडाच झाला. वाकडा झाला म्हणून काही बिघडलं नाही. भगत, म्हणजे आमचा पुजारी, आला, देव आले, लग्न लागलं.

चौकावर आम्ही कापड टाकून ठेवतो, वेळ होईपर्यंत. ते कापड म्हणजे बोईसरच्या बाजारातली गुलाबाच्या फुलांची चादर होती. हे मुद्दाम सांगतो, कारण शहरातल्या लोकांना वाटतं आमच्याकडे सगळं मातीचं नि पानांचं असतं.

आणि लग्न झाल्यावर तो चौक कुणी जपत नाही. दोन पावसाळ्यांत उडाला. त्याच भिंतीला आता खिळा आहे, खिळ्याला पतपेढीचं कॅलेंडर.

आता तुम्हीच बघा. जो चौक माझ्या बहिणीने काढायचा नाही, ती वारली असून, चित्रकार असून, तो तुम्ही काढावा की नाही हे मी काय सांगू. इथे कोथरूडची बाई की डहाणूची बाई हा प्रश्नच नाही. चौक हे चित्र नाही, लग्नातलं एक काम आहे. ते काम ज्या दिवशी, ज्या बायकांनी, ज्या गाण्यावर करायचं तसं झालं तर तो चौक. नाहीतर भिंतीवरची नक्षी. नक्षी म्हणून बाहेरच्या चौकटी काढल्यात तर मी तरी भांडायला येणार नाही, आमचेच कितीतरी लोक विकायला चौक काढतात. पण देवी पुसून तिथे सोनेरी अक्षरं? तुमच्या त्या लॉनवर होमकुंडातली लाकडं काढून तिथे बर्थडेचा केक ठेवला तर नवऱ्यामुलीची आजी काय म्हणेल, ते त्या डेकोरेशनवाल्याला विचारा.

अजून एक सांगतो, मग थांबतो. लग्न ही आमच्याकडे फार महाग गोष्ट होती. आजोबांच्या पिढीत लग्नासाठी सावकाराकडून, जमीनदाराकडून पैसे घ्यायचे आणि त्या बदल्यात नवरा-बायकोने जन्मभर त्याच्याकडे राबायचं. लग्नगडी म्हणायचे. त्या बाईवरही मालक हक्क सांगायचा, ते इथे लिहीत नाही. १९४५ ला झरीच्या परिषदेपासून किसान सभेच्या शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या बरोबर आमचे लोक उभे राहिले, गोळ्या खाल्ल्या, तेव्हा ते बंद झालं. अजूनही आमच्यात कितीतरी जोडपी आधी संसार करतात, पोरं होतात, आणि पैसे जमले की मग लग्न लावतात. बाप आणि मुलगा एकाच मांडवात, असंही होतं. म्हणजे त्या पांढऱ्या चौकटीच्या समोर उभं राहायला माणसाला किती वर्षं लागली असतील. तो तुमच्या लॉनवर सेल्फीच्या मागचा पडदा होणार म्हणून मला राग यावा का? राग येत नाही, पण हसूही येत नाही.

पैशांचं. बहिणीकडून एक व्यापारी कॅनव्हास न्यायचा पंधराशेला. प्रदर्शनात तिने स्वतः पाहिलं, सहा हजार. खाली तिचं नाव नव्हतं, 'वारली ट्रायबल आर्ट' एवढंच. व्यापारी पालघर जिल्ह्यातलाच होता, म्हणजे परक्यांनीच लुटलं असंही नाही.

---

तर्कटराव

चारोटीचा, तुमचं लिहिणं आवडलं, पण एक खटकलं. सवासिनींनीच काढायचं म्हणता, मग जिव्या मशे पुरुष असून कसे चालले? ते गेले पॅरिसला आणि जपानला, आणि आता गावोगाव पुरुषच वारली काढतात. म्हणजे परंपरा पहिल्यांदा मोडली ती आतल्यांनीच. मग बाहेरच्यांनी ती पाळावी हा आग्रह कशाला?

---

चारोटीचा

प्रश्न रास्त आहे. आमच्याकडेही लोक तेव्हा कुजबुजले होते म्हणतात.

जिव्या बाबा लहान असताना त्यांची आई गेली. त्यानंतर ते बोलायचे बंद झाले आणि धुळीत चित्रं काढून सांगायचे. पुढे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार सरकारच्या हस्तकलेच्या कामासाठी आमच्या भागात आले. त्यांनी बायकांना कागद दिला. काहींनी काढलं, आणि या माणसाचा हात त्यांना दिसला. १९७६ ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

पण ते लोकांच्या लग्नात चौक काढायला बसले का? कागदावर त्यांनी काय काढलं बघा. मुंग्यांची वारुळं, जाळी, आगगाड्या, तारप्याच्या नाचाचा पिळा. रोजचं जगणं काढलं, गोष्टी काढल्या. कागदावर पालघटही काढली, नाही असं नाही. लग्नातली भिंत बायकांकडेच राहिली, आजही आहे, आमच्या पाड्यात तरी. एकाच पांढऱ्या रंगातून दोन वेगळी कामं निघाली, एक पोटाचं आणि एक देवाचं. म्हणून तर मी ताईंना म्हणतो ट्रे करा.

आणि कागदावर आल्यावर कुणाचं नुकसान झालं असेल तर ते बायकांचं. नाव पुरुषांचं झालं, परदेश पुरुषांनी पाहिला. माझी बहीण हे माझ्यापेक्षा जोरात सांगते.

---

यारापार

मी मेलबर्नला असते, मूळची नाशिकची. वरचं वाचून इथली एक गोष्ट सांगावीशी वाटली, कारण जवळजवळ हाच पेच इथे पन्नास वर्षांपूर्वी पडला होता.

मध्य ऑस्ट्रेलियात पापुन्या नावाची वसाहत आहे. १९७१ मध्ये जेफ्री बार्डन नावाचा शाळामास्तर तिथे होता, त्याच्या मदतीने तिथल्या मूलनिवासी पुरुषांनी आपल्या विधींतली चित्रं फळ्यांवर काढायला सुरुवात केली. ती आधी जमिनीवर, अंगावर काढायची असत. चित्रं खपायला लागली. पण सुरुवातीच्या काही फळ्यांवर अशा गोष्टी होत्या ज्या दीक्षा न झालेल्यांनी, बायकांनी आणि मुलांनी बघायच्याच नव्हत्या. त्या चारचौघांत मांडल्या गेल्यावर आपल्याच लोकांचा ओरडा झाला. मग चित्रकारांनी मार्ग काढला. गुप्त खुणा काढायचं सोडलं, आणि ठिपक्यांची दाट जाळी घालून बाकीचं झाकायला लागले. आज आपण ज्याला 'ॲबोरिजिनल डॉट पेंटिंग' म्हणून उशांच्या अभ्र्यांवर बघतो, त्या ठिपक्यांमागे हेही एक कारण आहे. बाहेरच्यांना दिसतो तो पडदा. बाहेरचे त्या पडद्याचीच नक्कल करतात, गंमत आहे की नाही.

आणि नोटरीकाकांसाठी: इथे १९९४ मध्ये एक मोठा खटला झाला. मूलनिवासी चित्रकारांची चित्रं व्हिएतनाममध्ये गालिच्यांवर विणून इथे विकायला आणली होती. कोर्टाने चित्रकारांच्या बाजूने निकाल दिला. त्यात लक्षात राहिलं ते असं की, ज्या चित्राची राखण एखाद्या चित्रकारावर सोपवलेली असते ते गालिच्यावर जाऊन पायाखाली आलं तर तिच्या समाजात दोष तिच्यावर येतो, ही गोष्ट कोर्टाने नुकसानभरपाई ठरवताना धरली.

इथे चित्र विकत घेताना सोबत कागद मिळतो, कुणी काढलं, कुठल्या गावचं, गोष्ट कुणाची. गोष्टीलाही मालक असतो. दुसऱ्या घराण्याची गोष्ट त्याच जमातीतल्या माणसानेही विचारल्याशिवाय काढायची नाही. चारोटीचा यांच्या बहिणीचं वाचलं आणि तेच आठवलं.

---

आडवातिडवा

मी सुरुवातीला पोहे आणले होते ते परत घेऊन जातो. पण एक शंका. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरी चपला दाखवल्या आणि नाव घेतलं नाही, तेव्हा आपण सगळे पेटून उठलो होतो. मीही उठलो होतो, तीन दिवस दुसरं काही लिहिलं नाही. मग पुण्यातल्या ट्रेवरचा वारली बघून आपल्याला तसं काही का होत नाही?

---

नोटरीकाका

कारण तिथे उचलणारे ते होते. इथे आपण आहोत.

(आणि कोल्हापुरीचं मानांकन २०१९ चं आहे, ते महाराष्ट्र आणि कर्नाटक दोघांचं. कर्नाटकातल्या अथणीच्या कारागिरांना आपण त्या तीन दिवसांत विसरलो होतो.)

---

गेरूपांढरी

सगळ्यांचे आभार. चारोटीचा दादा, तुमचं लिहिणं मी भाचीला वाचून दाखवलं. मोठ्यांदा. ती म्हणाली, बघ मी सांगत होते. मी म्हटलं, तू वर्ग बंद कर म्हणत होतीस, ते कुठे म्हणतायत? त्यावर आमचं पुन्हा जुंपलं, ते जाऊ दे.

काय झालं ते सांगते. डेकोरेशनवाल्याला फोन केला. म्हटलं चौक नाही काढणार, त्याऐवजी लग्नाची वरात काढू. बैलगाड्या, तारपेवाला, नाचणारी माणसं, आणि हवं तर एका बैलगाडीत तुमचं कपल बसवू. आणि काम माझ्याऐवजी डहाणूच्या एका चित्रकार मुलीला द्या, तिची येण्याजाण्याची आणि राहण्याची सोय करा, मी मदतीला उभी राहीन, खाली नाव तिचं. हे सगळं त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, एवढं कशाला, मी नेटवरनं चौक उचलतो आणि फ्लेक्स छापून घेतो. इनिशियल्स कम्प्युटरवर टाकता येतात."

म्हणजे चौक लॉनवर लागणारच आहे. फक्त मी काढलेला नसेल, आणि माझे पैसे बुडाले.

त्या वधूच्या आईचा नंबर मिळवायच्या प्रयत्नात आहे. कदाचित तिला कुणी सांगितलेलंच नसेल की ती मधली बाई कोण. मला तरी कुणी सांगितलं होतं का? मी ज्या बाईंकडे वारली शिकले त्यांनी चौक म्हणजे 'बॉर्डर डिझाइन' म्हणून शिकवला होता.

स्टिकर बदलले. वर्गाच्या पहिल्या तासाला आता त्रिकोणांच्या आधी डहाणू, तलासरी, जव्हार नकाशावर दाखवते. चौक शिकवणं बंद. जानेवारीत तुमच्या बहिणीला दोन दिवस शिकवायला बोलवायचं आहे, फी तिने सांगावी. तिचा नंबर इथे टाकू नका, मला खासगी निरोप पाठवा.

आता एक वेगळाच प्रश्न. माझ्या जुन्या शाळेने गॅदरिंगला 'आदिवासी नृत्य' बसवायला मला बोलावलंय, चौथीची मुलं. तारप्याचा नाच. करू की नको? की इथेही कुमारिका-सवासिनी काही आहे?

---

चारोटीचा

बहिणीला सांगितलं, ती येते म्हणाली. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात चालेल, त्याआधी तिच्या नणंदेचं लग्न आहे आणि तिथे चौक काढायला आता तिला बसावं लागेल. फीचं ती स्वतः बोलेल, माझ्यापेक्षा चांगलं बोलते.

फ्लेक्सचं वाचून वाईट वाटलं पण नवल नाही. आमच्या इथल्या एका पुढाऱ्याच्या पोराच्या लग्नातही फ्लेक्सचाच चौक होता. वारलीच पुढारी. धवलेरी होती, पण तिला माइक दिला नव्हता, डीजे चालू होता.

नाच बसवा. त्यात बाई-पुरुष, लग्नाची-बिनलग्नाची असं काही नाही, आमच्याकडे पोरं-पोरी, म्हातारे सगळे नाचतात, भात कापणीला आला की रात्ररात्र चालतो. फक्त काही गोष्टी सांभाळा. मुलांच्या तोंडाला काळं फासू नका. कमरेला पानं बांधू नका, डोक्याला पिसं लावू नका. हे सगळं सिनेमातलं आहे. 'झिंगालाला' तर अजिबात नको. माझ्या शाळेतही, आश्रमशाळेत, पाहुणे येणार म्हणून आम्हालाच पानं बांधून नाचवलं होतं. आम्ही घरी तसं कधीच नाचलो नव्हतो, पण गुरुजींना तसंच हवं होतं.

मुलींना लुगडं गुडघ्यापर्यंत, काष्ट्याचं. रंग कुठलाही चालतो. मुलांना साधा सदरा आणि आखूड धोतर. एकमेकांच्या कमरेत हात घालून साखळी करायची, तारपेवाला मधे. तो वळेल तसं साखळीने वळायचं, त्याच्याकडे पाठ करायची नाही. पुढचा जो असतो त्याच्या हातात घुंगरांची काठी असते, पावलं तो बदलतो. सीडीवर गाणं लावू नका. तारपा दुधी भोपळ्याचा असतो, त्याचा आवाज सीडीत येतच नाही. आमच्या पाड्यावरचे एक काका वाजवतात, दम अजून चांगला आहे. एसटीने येतील, पण त्यांना दुपारचं जेवण आणि मुक्कामाची सोय लागेल, आणि मानधन स्टेजवर पाकिटात हार-तुऱ्याबरोबर न देता आधीच द्या. स्टेजवर पाकीट घेताना त्यांना काय करावं ते कळत नाही, फोटो होईपर्यंत ते तसेच हात पुढे करून उभे राहतात.

चौथीची पोरं किती आहेत ते कळवा. पंचवीसच्या वर असतील तर दोन साखळ्या कराव्या लागतील, एवढी मोठी एकच साखळी तुमच्या शाळेच्या स्टेजवर वळणार नाही.